मिस्त्रीचा पिवळा कागद

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये चार वर्षं काढून आम्ही दोन हजार पाच साली ह्यूस्टनजवळ एकमजली घर घेतलं. शाळा पाहिल्या, ऑफिसचं अंतर पाहिलं, पण तिथली हवा कशी असते हे पाहायचं मला सुचलं नाही. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात वाढलो. तिथला उन्हाळा ओठ फोडणारा. कूलरच्या टाकीत पाणी ओतलं, वाळ्यावर शिंपडलं, की खोली गार. हवेत पाणी जास्त असल्याची कुणी तक्रार करेल, हे माझ्या कल्पनेत नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि मार्चपासून आईचा दमा सुरू झाला. गावात तो थंडीपुरता असायचा, इथे थांबेना. तिच्या खोलीत कपाटामागे काळपट बुरशी सापडली. मिठाचा दगड झाला होता, बाबांच्या चपलांच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. मी एसी आणखी कमी तापमानावर लावला, तर घर गार झालं आणि तसंच चिकट राहिलं. आई दोन उशांना टेकून बसूनच झोपू लागली. डॉक्टरांनी औषध बदललं आणि आधी घरातला दमटपणा काढा म्हणून सांगितलं.

मी तिघा एसीवाल्यांना बोलावलं. दोघांनी दारातूनच घर पाहून मोठ्यातलं मोठं मशीन सुचवलं. तिसरा साठीचा होता, एकटाच काम करायचा. तो जवळजवळ तीन तास होता. ऍटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, चढला, घामाने निथळत खाली आला, पुन्हा चढला. बाबा त्याच्यामागे. बाबांचं गावात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवाइंडिंगचं दुकान. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण मोजपट्टीचं दुसरं टोक कधी धरायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

त्याने मला समजावलं की माझा एसी घराच्या मानाने फार मोठा आहे. दहा मिनिटांत घर गार करून बंद पडतो, आणि हवेतलं पाणी काढायला तो खूप वेळ चालावा लागतो. बाहेर फार उकाडा नसेल तेव्हा तर तो चालतच नाही. म्हणून पाणी काढणारं वेगळं मशीन माळ्यावर बसवायचं आणि एसीच्याच डक्टला, म्हणजे हवा खेळवणाऱ्या नळीला, जोडायचं, म्हणजे सगळ्या खोल्यांना पोचेल. मशीन किती मोठं हवं, ते घरात किती पाणी तयार होतं त्यावर ठरतं. अंघोळी किती, कपडे कुठे वाळतात, स्वयंपाक किती वेळ चालतो, असं सगळं त्याने विचारलं. स्वयंपाकाचं मी दोन तास सांगितलं. तो काय विचारतोय असं बाबांनी मला विचारलं आणि त्याच्यासमोर चार बोटं धरली. तो हसला आणि त्याने चार लिहिलं.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने एका पिवळ्या कागदावर आमच्या घराचा नकाशा काढला. हवा कुठून ओढायची, कुठे सोडायची, पाण्याचा पाइप कुठल्या बाजूने बाहेर काढायचा, मशीन कुठल्या मापाचं, सगळं. खाली त्याचा आकडा. मी म्हटलं, हा कागद ठेवून जाता का, बायकोला दाखवतो. बायको शेजारच्याच खोलीत होती.

तो आकडा अवाच्या सवा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण इथल्या आमच्या मराठी मंडळींत एक पद्धत होती. तिघांना बोलवायचं, तिघांकडून शिकून घ्यायचं, मशीन इंटरनेटवरून मागवायचं आणि शनिवारी मित्र जमवून बसवून टाकायचं. माझ्यापुरती त्यात आणखी एक समजूत होती. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी मला त्यांच्या ओट्यावर बसवून गणित शिकवलं, कधी काही घेतलं नाही. शिकवणं ही फुकट मिळणारी गोष्ट असते, आणि मन लावून शिकलं की आपली बाजू फिटली, असं मी अगदी प्रामाणिकपणे मानत होतो. बायको एकदा म्हणाली, "अरे, त्यालाच बोलाव ना, भला माणूस वाटला." मी म्हटलं बघू.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिघे मित्र आले. "यार, आपण चार इंजिनिअर, एक पाइप नाही लावता येणार?" असं म्हणत वर चढलो आणि संध्याकाळपर्यंत मशीन लटकवलं. पिवळा कागद डक्टवर चिकटवला होता. मशीनखालच्या ट्रेजवळ त्याने एक छोटं वर्तुळ काढलेलं होतं, त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. हे काय असेल यावर थोडी चर्चा झाली. एकजण म्हणाला, "पेन चालतंय का बघितलं असेल रे." त्यावर हसलो आणि पुढे गेलो.

बाबा खाली शिडी धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "तो मिस्त्री का नाही आला?"

"त्याला वेळ नाहीये, बाबा. खूप कामं आहेत त्याच्याकडे."

"मग कागद त्याने दिला?"

"हो, दिला."

मशीन छान चाललं, हे खरं सांगायला हवं. आठवड्याभरात आई आडवी होऊन झोपू लागली. मी तो कागद ऑफिसात नेऊन स्कॅन केला, परत डक्टवर लावला आणि स्कॅन आमच्या मराठी ग्रुपला मेल केला, वर रोमन लिपीतल्या मराठीत कसं करायचं त्याच्या पायऱ्या लिहिल्या. फार कौतुक झालं. लोक मला गुरुजी म्हणू लागले. आमच्या भागातली घरं बहुतेक एकाच साच्याची, त्यामुळे पाच-सहा घरांत त्या कागदावरून कामं झाली. कागद कुणाचा, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

जुलैत एका दुपारी आईच्या पलंगावर छतातून पाणी गळू लागलं. ती कुशीवर झोपली होती, म्हणून थोडक्यात वाचली. उशी, गादी, तिची औषधं सगळं भिजलं. मी मशीन बंद केलं. दोन दिवसांत आईचा श्वास पुन्हा वाजू लागला. तो उकाड्याचा मोसम, कुणाकडेही आठवडाभर वेळ नव्हता. शेवटी मी त्या साठीच्या एसीवाल्यालाच फोन केला. घर सांगितल्यावर त्याला आठवलं. ती श्वासाचा त्रास असलेली आईच ना, असं विचारून तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

बाबांना आनंद झाला. ते त्याच्याबरोबर वर गेले, मागोमाग मी. त्याने टॉर्च मारला. पाइपाला उतार कमी होता, मधे झोळ पडून शेवाळ साचलं होतं, पाणी तुंबून ट्रे भरला आणि वाहिला. ट्रेजवळ बोट ठेवून तो म्हणाला की इथे तरंगणारा स्विच हवा होता. पाणी चढलं की तो मशीन बंद करतो, छत वाचतं. मग त्याला डक्टवरचा कागद दिसला. त्याने वर्तुळावर बोट ठेवलं. ते वर्तुळ म्हणजे हाच स्विच. तो स्वतःच बसवणार होता, म्हणून नाव लिहिलं नव्हतं.

कागद त्याने हातात घेतला नाही. शांतपणे म्हणाला, मागच्या महिन्यात दोन गल्ल्या सोडून एका घरी गेलो होतो, तिथे याची कॉपी पाहिली. माझंच अक्षर. त्यांनी सांगितलं इंटरनेटवर मिळालं. तुम्हाला काही माहीत आहे का?

मी म्हणालो, नाही, मला कल्पना नाही.

बाबांनी माझा चेहरा पाहिला. "काय म्हणतोय तो?"

माळ्यावर उभं राहता येत नव्हतं. आम्ही तिघे वाकून, जवळजवळ डोक्याला डोकं लावून बसलो होतो. पाइपाबद्दल विचारतोय, एवढं सांगून मी सुटलो असतो. त्यांना कसं कळणार होतं? पण बाबांच्या हातात टॉर्च होता आणि त्याचा उजेड त्या कागदावर होता. तो कागद तयार होताना ते टेबलाशी बसलेले होते. मी सगळं सांगितलं. त्याला वेळ नव्हता हे खोटं, मी त्याला परत फोनच केला नाही, कागद मी वाटला, आणि आत्ता त्याला माहीत नाही म्हणालो.

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "माझ्याकडे यायची माणसं. मोटार उघडून घ्यायची, कुठे जळलंय ते विचारायची, आणि दुरुस्तीला शहरात घेऊन जायची." मग म्हणाले, "आता त्याला सांग. त्याच्या भाषेत."

मी सांगितलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, मीटिंगमध्ये अडत नाही. त्या दिवशी साधी वाक्यं जुळेनात. त्याने ऐकून घेतलं. ठीक आहे असं तो म्हणाला नाही. किती घरं, एवढंच विचारलं. पाच किंवा सहा, मी म्हटलं. त्या सगळ्यांना आजच स्विचबद्दल कळवा, म्हणाला, नाहीतर त्यांचीही छतं जातील. मग त्याने पाइप उतरवला, नवा लावला, स्विच बसवला. बाबा त्याला हत्यारं देत होते. माझ्याकडे दोघांनी काही मागितलं नाही. मी शिडीच्या तोंडाशी बसून राहिलो.

तो गेल्यावर मी लगेच मेल लिहिली. महत्त्वाची सूचना, असा विषय दिला. वर्तुळ म्हणजे काय, स्विच कसा बसवायचा, पाइपाला उतार किती हवा. शेवटी त्या एसीवाल्याचा नंबर टाकला आणि 'उत्तम आणि विश्वासू माणूस, नक्की बोलवा' असं लिहिलं. पाठवली. थोड्याच वेळात धन्यवाद गुरुजी, वाचवलंत गुरुजी, अशी उत्तरं येऊ लागली.

बाबा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. रोमन अक्षरांमुळे पडद्यावरचं मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. "लिहिलंस ना? वाचून दाखव," म्हणाले.

मी वाचायला लागलो. स्विचचं वाचलं, उताराचं वाचलं. आणि मग, नंबरच्या आधी, जे तिथे नव्हतं ते वाचलं: हा नकाशा त्यांचा आहे, मी तो त्यांना न विचारता तुम्हाला दिला, माझी चूक झाली. माझा आवाजही कापला नाही.

"बरं केलंस," बाबा म्हणाले आणि आईला औषध द्यायला उठून गेले.

मी पडद्यासमोर बसून होतो. ती तीन वाक्यं लिहून दुसरी मेल पाठवायला दोन मिनिटं पुरली असती. ऑगस्टमध्ये आई-बाबा परत गेले, तोवर मी ती पाठवली नव्हती. नंतरही नाही.