गुरुवारची पालकसभा

तुमच्या मुलीची शाळा सुटते आणि तुम्ही कामावरून घरी पोहोचता, यांच्या मधली तिची संध्याकाळ कुठे जाते, हे तुम्ही तिला कधी विचारलंय?

मी सातवीत असताना आमची संध्याकाळ खो-खोची होती. चिखलीतली शाळा, मागे मैदान, कुंपणापलीकडे वर्कशॉपं. पाचला शाळा सुटली की दप्तरं भिंतीला टेकवून आम्ही मुली मैदानात उतरायचो. खेळाचे सर साताऱ्याकडून नुकतेच आले होते. शिकवायचे मनापासून, ओरडायचेही मनापासून.

दिवाळीनंतर दिवस लहान झाला. मैदानापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नव्हते. भंगाराची गोदामं होती, मोकाट कुत्री होती आणि टपरीवर रेंगाळणारे टगे होते. एकेका घरातून मुलींचं येणं थांबायला लागलं. आई मलाही म्हणाली, "दिवेलागणीच्या आत घरी. खेळ राहिला तरी चालेल."

सरांनी पालकसभा बोलावली. मुलींना घरी कोण नेणार, तेवढं ठरवायचं होतं. पालकांना सोयीचं पडावं म्हणून त्यांनी रविवारची सकाळ निवडली. आम्ही सतरंज्या अंथरल्या. एकच आई आली, तीही उभ्या उभ्या.

सोमवारी सर म्हणाले, "पालकांनाच गरज वाटत नसेल तर मी काय करणार? मुलींचा सराव बंद. मुलांचा चालू राहील."

मुलांना अंधारात कुणी न्यायला लागत नव्हतं. म्हणून मैदान त्यांचं. मला इतका राग आला की हात वर न करताच मी बोलले.

"सर, रविवारी सगळे कंपनीत असतात."

"रविवारी? मग सुट्टी कधी असते?"

"गुरुवारी!" अख्खा वर्ग ओरडला.

आमच्या बाजूच्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. शाळेला रविवारची. शिवाय दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. एका खोलीत राहून बाप आणि मुलांना महिनोन्महिने एकत्र सुट्टीचा दिवस मिळत नसे, हे साताऱ्याहून आलेल्या माणसाला कुठून कळणार?

"बरं, गुरुवारी बोलावतो," सर म्हणाले. "पण तेव्हाही कुणी आलं नाही तर विषय संपला."

आमच्या घरी युनियनची पत्रकं इतकी असायची की फडताळातही तीच अंथरलेली. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही मुलींनी हाताने लिहिलं: 'तुमच्या मुलीचा खेळ बंद झाला. तुम्हाला कुणी विचारलं का? गुरुवारी पाच वाजता मैदानावर या.' सकाळी शाळेआधी, पहिल्या शिफ्टची बस थांबते तिथे उभं राहून वाटलं. एका काकांनी डोळे बारीक केले.

"काय गं, संप हाय का काय?"

"अजून नाही, काका."

गुरुवारी माणसं आली. कुणी नुकतंच झोपेतून उठलेलं, कुणी पिशवीत भाजी घेऊन. शाळेच्या पायऱ्या भरल्या. एकजण म्हणाला, "सर, तुम्ही रविवारी बोलावलं तेव्हा आम्ही तुमच्या गाडीचे पार्ट बनवत होतो." सरसुद्धा हसले.

माझ्या वडिलांनी तोडगा मांडला. पहिल्या शिफ्टचा माणूस चारपर्यंत घरी येतो. ज्या आठवड्यात ज्याची पहिली शिफ्ट, त्याने सगळ्या मुलींना आणायचं. माना डोलल्या. फक्त एक गृहस्थ अडले. ते मूळ गावातले, जमीन रस्त्यात आणि प्लॉटिंगमध्ये गेलेली, आता खोल्या भाड्याने देणारे. त्यांची मुलगी आमच्यात सगळ्यात वेगवान.

"माझी पोरगी दुसऱ्याच्या मागं यायची न्हाई."

"मग तुमीच या की, भाऊ," पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं. "तुमाला कुठं शिफ्ट हाय?"

"व्हय, येतो! मला काय भ्या हाय का कुणाचं?"

आणि ते खरंच आले. सुरुवातीला फक्त आपल्या मुलीला न्यायला. पण आमच्यातल्या बऱ्याचजणी त्यांच्याच खोल्यांत राहायच्या, त्यामुळे सगळी रांग त्यांच्या मागे. हळूहळू पहिल्या शिफ्टवाल्याची वाट न बघता तेच कुंपणाशी उभे राहून ओरडू लागले, "आवरा गं, किती येळ?" टगे टपरीवरच राहिले, पण आवाज बंद झाला. तो हिवाळाभर आम्ही खेळलो. स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरलो, पण हरायला मैदानावर होतो.

आता मी त्या बाजूने जाते तेव्हा संध्याकाळी मैदानावर मुलगेच दिसतात. रस्त्यावर दिवे आलेत. मुली मात्र भाड्याच्या खोल्यांत धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेल्या. माझ्या वडिलांना पुढच्या आठवड्याची शिफ्ट तरी माहीत असायची. आजच्या कंत्राटी कामगाराला उद्या कुठल्या कंपनीत आणि किती वाजता जायचं, ते आदल्या रात्री फोनवर कळतं. तो मुलींना आणायची पाळी कशी घेणार? याला पालकांची बेफिकिरी म्हणू नका. माणसाचा आठवडाच ज्यांनी काढून घेतला, त्यांना जाब विचारायला हवा, आणि तो आपण विचारूच.

पण जाब मिळेपर्यंत त्या मुली आठवी-नववीत गेलेल्या असतील, आणि सुटलेला खेळ त्या वयात परत धरता येत नाही. म्हणून एवढं करा. तुमच्या घरात एकाची जरी कामाची वेळ ठरलेली असेल, तर आज शेजारच्या खोलीचं दार वाजवा आणि त्या मुलीच्या आईला सांगा, "हिला खेळू द्या. उद्यापासून धाकट्यांना मी बघते, आणि मैदानावरून हिलाही मीच आणते."