कणगीपुढेच सांग

अर्धी वाट सरली तरी सोनीबाईने मला निकाल सांगू दिला नव्हता.

तलासरीला हायवेवर बसमधून उतरले, तर ती उभीच. "मावशी," एवढं म्हणते तोच तिने हात आडवा केला. "वाटेत नको बाय. घरी चल, कणगीपुढे सांग. जे काय असंल ते कणसरीने पण ऐकायला पाहिजे."

कणसरी म्हणजे सोनीबाईच्या लोकांची धान्याची देवी. देवीचं नाव काढल्यावर मी गप्प. मीही सकाळी महालक्ष्मीला हात जोडूनच निघाले होते.

ती पुढे, मी मागे, अशा चाललो. पण दर थोड्या वेळाने थांबून माझ्या तोंडाकडे बघायची.

"हसतेस काय?"

"ऊन येतंय डोळ्यांवर."

"खोटारडी! चल."

हे २०१७ सालचं. मी तेव्हा माती तपासणाऱ्या एका प्रकल्पात गावोगाव हिंडायचे. सोनीबाईचं नाल्याकाठी भाताचं शेत होतं. नवरा सुक्या बोलण्यात चपळ, कामात सावकाश. त्यामुळे शेत तिचंच म्हणायचं. तरणी असताना ती बोर्डीच्या वाड्यांत चिकू उतरवायला जायची आणि पाऊस आला की आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, घरी परतायची.

त्या पावसाळ्यात कुणीतरी नाल्यावर टँकर धुऊन गेलं. पुढे तिच्या शेताचा नाल्याकडचा कोपरा पिवळा पडला. पाड्यात एकच बोलणं झालं, सोनीच्या शेतात विष गेलं. बाकीचं भात चांगलं पिकलं होतं. ते तिने झोडलं, कणगीत भरलं आणि कणगीचं तोंड शेणाने लिंपून टाकलं. सून दक्षाला दिवस गेले होते. "हे तिच्या पोटात घालू?" असं सोनीबाई मला म्हणाली होती. शिवाय नवं भात आधी कणसरीला, मग माणसांना. देवीला विष कसं वाढायचं? म्हणून घर रेशनच्या तांदळावर चाललं होतं.

कापणीनंतर मी कॅमेरा घेऊन गेले. दिसायला साधाच, पण आपल्या डोळ्याला न दिसणारे रंग तो टिपतो. ओली माती, खारी माती, राखेची माती, प्रत्येकीची चमक त्याला निराळी दिसते.

"फोटोच काढायचा तर माझा काढ," सुक्या म्हणाला. "शेताला कुठं लगीन करायचंय!"

मी त्यांना आधीच सांगितलं, हा कॅमेरा विष ओळखत नाही, कुठली माती वेगळी आहे तेवढंच दाखवतो. पडद्यावर तो कोपरा खरंच वेगळा दिसला. पण पाणी शिरल्यासारखा पसरट डाग नव्हता, ढीग ओतावेत तसे गोल गोल ठिपके होते. तिथली माती आणि कणगीतलं ओंजळभर भात मी नेलं. प्रयोगशाळेत ती माती वाळवून टेराहर्ट्झ नावाच्या न दिसणाऱ्या किरणांखाली ठेवली, मग नेहमीच्या रीतीनेही तपासली. भातही तपासलं.

घरी पोचल्यावर सोनीबाईने पाय धुतले, मलाही धुवायला लावले. कणगीपुढे दिवा लावला.

"आता बोल. मोठ्याने बोल."

"विष नाही मावशी! भातात नाही, मातीतही नाही. त्या कोपऱ्यात नुसतं मीठ आहे. आपलं समुद्राचं मीठ."

दक्षा हळूच म्हणाली, "आपल्याकडे समुद्र कुठून आला?"

सोनीबाईचा हात तोंडावर गेला. "अगं बाय! माझी बहीण!"

बहीण बोर्डीला दिलेली. मासळी खारवतात तिथे ती कामाला. टाकीच्या तळाला उरलेली मुंडकी, खवले ती आपल्या नारळांना घालते, आणि नारळ लगडतात. ते बघून सोनीबाईने पावसाआधी टेम्पोत गोणी घालून आणल्या आणि कोपऱ्यात ढीग ओतले. नारळाला खारं चालतं, भाताला नाही.

सुक्याने कपाळावर हात मारला. "सगळा पाडा टँकरला शिव्या देतो! टँकर तर हिच्या बहिणीचा निघाला!"

"तू गप! वास येतो म्हणून नाक धरून पळालास. एक गोण उचलली असतीस तर मीठ हाताला लागलं असतं तुझ्या!"

हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मलाही हलकं वाटलं. येत्या पावसात बांध फोडून पाणी वाहू द्या, मीठ धुऊन जाईल, असं मी सांगितलं. टँकरमध्ये काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. नाल्याने ते कुठे नेलं, देव जाणे.

सोनीबाईने कणगीचं लिंपण फोडलं. दक्षा मात्र पोटावर हात ठेवून दारातच उभी होती. हसली नव्हती. सोनीबाईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाली,

"बाय, ती माझं नाय ऐकणार. तुझ्या यंत्राचं पण नाय. इतके दिवस मीच तिला भिववली. मी आता कांडते, शिजवते, कणसरीला दाखवते. मग तू तिच्यासमोर बस आणि माणसांतला पहिला घास तू खा. खाशील ना?"