टॅबवरचं प्लास्टिक

शिक्षक मित्रांनो, रागात लिहितेय, सांभाळून घ्या.

सिल्लोडजवळच्या आमच्या शाळेत टॅब आले, तेव्हा नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं आणि ते कपाटात गेले. वरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या सुमैयाला फार कमी दिसतं. पुस्तक नाकाला लावून वाचते. टॅबवर अक्षर मोठं करता येतं, म्हणून मी कितीदा किल्ली मागितली. मुख्याध्यापकांचं एकच उत्तर, "पोरं फोडतील, मॅडम." अहो, फोडतील तर फोडतील. पोरांसाठीच आलेत ना ते?

आज तपासणीला साहेब आले, म्हणून टॅब बाहेर निघाले. सरांनी हुशार पोरं पुढं बसवून त्यांच्या हातात दिले. सुमैयाला मागच्या रांगेत पाठवलं. मी कुणाला न विचारता एक टॅब तिला दिला. तिनं अक्षर मोठं केलं आणि पहिल्यांदाच मान ताठ ठेवून अख्खा धडा वाचला. साहेबांनी तिचाच फोटो काढला.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि टॅब परत कपाटात गेले.

सुमैयानं मला हळूच विचारलं, "मॅडम, साहेब आता परत कधी येणार?"

तुमच्या शाळेत कपाटाची किल्ली कुणाकडं असते?