पुसून टाकलेलं गोंदण

समस्त नाशिककरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की डिजिटल कॅमेरा नवा होता त्या काळात इंदिरानगरातल्या लग्नाळू पोरींच्या असंख्य मुरुमांचा खून मी केला आहे. हत्यार, माउस. पश्चात्ताप, अजिबात नाही.

फक्त एकदा हात जरा जास्तच चालला.

सायखेड्याहून एक आजी-आजोबा माझ्या स्टुडिओत आले. नातवाचं लग्न ठरलं होतं, आणि नवी सून घरात यायच्या आत भिंतीवर दोघांचा जोडीनं फोटो लागला पाहिजे, हा आजोबांचा हट्ट. आजींच्या गालांवर लहानपणच्या देवीचे व्रण होते. त्यापायी त्यांनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता.

"नात म्हनते, कॉम्प्युटरात समदं पुसतं. पुसत आसंल तर बसते, नाय तर ही मी चालले."

"पुसतो!" मी छाती फुगवून म्हणालो.

आठवड्यानं दोघं पुन्हा आले. जादूगाराच्या थाटात मी पडद्यावर फोटो उघडला. आजींचे गाल सायीसारखे मऊ.

"आयला, ही कोन?" आजोबा वाकून म्हणाले. "पाव्हणे म्हनतील, म्हाताऱ्यानं दुसरी आनली."

"तुम्हाला कोन देतंय दुसरी!"

आजी हसल्या, पुढे झुकल्या, आणि त्यांचं बोट आपोआप हनुवटीवर गेलं. "माझं गोंदण कुठंय? आईनं मांडीवर घेऊन गोंदवलं व्हतं."

तीन हिरवट ठिपके. डाग समजून तेही मी साफ केले होते. वर शहाणपणा असा, की मूळ फोटोवरच नवा सेव्ह करून बसलो होतो.

आजी मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पदर हनुवटीवरून पार डोळ्यांपर्यंत ओढलेला. "ऱ्हाऊ द्या. फोटोच नको."

"आजी, एकदा तोंड दाखवा, बघून काढतो."

पदर हलेना.

"तिला कशाला इचारतो?" आजोबांनी स्टूल ओढलं, जाड बोट पडद्यावर टेकवलं. "एक इथं. दुसरा जरासा खाली. तिसरा फिका, डावीकडं सरकलेला."

मी ठिपके ठेवले. हनुवटी एकदम ओळखीची झाली. आजोबांचं बोट मात्र थांबेना, ते गालावर चढलं.

"आता डोळ्याखाली दोन, एकमेकाला चिकटून. नाकापाशी एक मोठा, हसली की लांब व्हतो. कानाजवळ बारीक..."

"बाबा, ते पुसायचं ठरलंय ना?"

"मला इचारून ठरलं व्हतं का?"

बाकावर पदर खाली आला. आयुष्यभर नवऱ्याला जेवायला वाढतानाही ते गाल पदराआड धरणाऱ्या आजी लालबुंद झाल्या होत्या. पासपोर्ट फोटोसाठी थांबलेली माणसंही वळून बघतील, एवढ्या मोठ्यानं त्या म्हणाल्या,

"अगं बया! म्हंजी तुम्ही बघत व्हते व्हय!"