दगडातली लव

फडताळातला जुना दगड पाहून काल भूगर्भशास्त्र शिकणारी नात म्हणाली, "आजोबा, हे ओकेनाइट. दुर्मीळ सिलिकेट. याची लव एकदा दबली की पुन्हा उभी राहत नाही."

मला एकदम सुरुंगाच्या दारूचा वास आला.

साठ सालाच्या आसपास उरवड्यात आमच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. सुरुंगानं काळा खडक फुटला आणि आतल्या बंद पोकळीत पांढऱ्या लवेचे गोळे दिसले. आत जायला भोक नाही, फट नाही, तरी आत केस उगवलेले. गडी झटकन मागं सरले. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. आई पुढं झाली आणि गारठलेलं कोकरू जिवंत आहे का बघावं, तसं तिनं एका गोळ्याला बोट लावलं.

"गार हाय," ती हळूच म्हणाली, "पर मेलेलं न्हाई."

तिनं तो दगड घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवला. आम्ही तिला हसलो, पण त्या घोंगडीकडं पाठ करून कुणी बसलं नाही.

आई जाऊन खूप वर्षं झाली. तिचा एकही फोटो नाही. काल नातीनं बॅटरी धरली, तेव्हा त्या लवेत बोटाएवढा खळगा दिसला.

आई अजून ऊब बघतेय.