धुतलेले आवाज

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मुळेकाकांनी मला नियम सांगितला. "ऐकणाऱ्याचा फोन जसाच्या तसा हवेत सोडायचा नाही. आधी धुवायचा. आणि का, ते विचारायचं नाही."

"का?" मी विचारलं.

"बघ, विचारलंसच," काका म्हणाले.

मुळेकाका आयुष्यभर सरकारी रेडिओवर बोलून निवृत्त झालेले, आणि आता लातूरच्या आमच्या छोट्याशा एफएम स्टेशनात भाषेचे सल्लागार. त्यांच्या नियमाला ऑफिसात 'धुणं' म्हणायचे. फोन करणाऱ्याच्या तोंडून 'लई', 'हाव', 'न्हाई' आलं, की ते वाक्य शुद्ध करून आमच्यापैकी कुणीतरी त्याच माणसाच्या नावानं पुन्हा बोलायचं. तेच हवेत जायचं. असल्या नियमाच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी कुलूप उघडलं की ते आत बसलेलेच असतात.

बायकांचं धुणं माझ्याकडे. एकाच सकाळी मी औशाची सुनीता असायचे, रेणापूरची मंगल असायचे आणि चाकूरच्या कुणा आजी. एकदा मला जबरदस्त सर्दी झाली, तर त्या आठवड्यात अख्ख्या जिल्ह्यातल्या बायकांना झाली!

*

मोठ्या शहरांत कोण कुठलं स्टेशन ऐकतं ते मोजायची यंत्रणा असते म्हणे. आमच्याकडे बिराजदार सर होते.

सर आमचे स्टेशन हेड, मूळचे उदगीरचे. ऑफिसची गाडी सोडून ते मुद्दाम रिक्षानं फिरायचे. रिक्षात आपलं स्टेशन लागलेलं असलं की खूश. पुण्याच्या हेड ऑफिसला ते दर महिन्याला कळवायचे, की लातूरचे रिक्षावाले दुसरं काही ऐकतच नाहीत.

एकदा मी त्यांच्यासोबत होते. उतरताना मी मुजीबभाई रिक्षावाल्यांना विचारलं, तुम्हाला आमचा कुठला प्रोग्राम आवडतो?

ते अवघडले. मग म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? सर चौकात दिसले की आमी एकमेकाला फोन करतो. सर बसले की लावतो, उतरले की बंद. बडे आदमी है, दिल रखना पडता."

सरांनी भाडं मोजून दिलं. पुण्याच्या रिपोर्टात मात्र रिक्षावाले होते तिथंच राहिले.

*

उन्हाळ्यात आम्ही नळाच्या पाण्याच्या वेळा सांगायचो. आमचा सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम तोच, आणि त्यात एकही गाणं नव्हतं. काकांनी मला लिहून दिलं, 'आज पूर्व भागास पाणीपुरवठा करण्यात येणार असून नागरिकांनी नोंद घ्यावी.' मी 'पाणी'तल्या 'णी'वर घोटून घोटून वाचलं.

लगेच एका आजींचा फोन. "पोरी, ते समदं ऱ्हाऊ दे. नळाला पानी येनार का न्हाई?"

मी म्हटलं, हा सोडू या आहे तसा. काका म्हणाले, धू. मी धुतलं, मग काकांनी ऐकलं, एक 'ळ' खटकला, पुन्हा धुतलं. शेवटी माझ्या आवाजातल्या आजी हवेत गेल्या, "मग नळाला पाणी येईल का हो?"

तोवर पाणी येऊन गेलं होतं.

*

सर स्वतः ऑफिसात इतकं छापील बोलायचे, की त्यांच्या तोंडी शिवी आली तरी ती व्याकरणात बसायची. एका दुपारी मी गाणं लावून डबा आणायला गेले. माईक बंद करायचा राहिला. सर काहीतरी तपासायला स्टुडिओत आले आणि तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला.

"हाव माय. न्हाई, न्हाई जेवलो अजून. लई काम हाय. भाकर ठिव. यायलो ना माय, यायलो."

गाण्यावर हे सगळं गावभर गेलं. आमच्या व्हॉट्सअॅप नंबरवर तेवढे मेसेज मी कधी पाहिले नव्हते. हे नवीन आरजे कोण? यांचा प्रोग्राम किती वाजता असतो? एका बाईनं फक्त एवढंच विचारलं होतं, की जेवले का ते?

मी नाचत नाचत सरांकडे गेले. म्हटलं, बघा, एवढे दिवस जे लोकांना हवं होतं ते चुकून सापडलं. आता तरी धुणं बंद करा. मला वाटलं होतं सर चिडतील. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"पुण्यात माझा पहिला इंटरव्ह्यू होता," ते म्हणाले. "मी 'पानी' म्हणालो. तिघंही हसले. मग प्रत्येक प्रश्नाला हसू दाबत होते. आपल्या बायामाणसांना असं कुणी हसू नये, म्हणून हे चालू आहे. काकांचंही म्हणणं तेच आहे."

त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलं. त्याचा मला जास्त राग आला.

*

आणि मग सोजरबाई आल्या.

आम्ही घरगुती पदार्थांची स्पर्धा ठेवली होती. सोजरबाईंनी फोनवर येसर सांगितलं, म्हणजे धान्य, डाळी आणि मसाला भाजून आमटीसाठी दळून ठेवतात ते. कसं सांगितलं! कुठल्या धान्याला किती रंग चढू द्यायचा, वास कुठं बदलतो, सून घाई करते तेव्हा काय होतं. मी ते धुतलं. काकांनी 'येसर' काढून 'एक पारंपरिक मसाला पीठ' केलं. सूनही काढली.

सोजरबाईंनी गल्लीतल्या सगळ्यांना घरी बोलावून रेडिओ लावला होता. अहमदपूरहून नणंदही आली होती. रेडिओवर सोजरबाई म्हणून मी बोलले. नणंद म्हणाली, हा तुझा आवाज न्हाई. सोजर नावाची काय तू एकटीच हाईस? तेव्हापासून गल्लीत त्यांना पाहिलं की बाया म्हणायच्या, आली रेडिओवाली.

त्या स्टेशनात येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. "मला बक्षीस नगं," म्हणाल्या. "मी खोटी न्हाई, तेवढं सांगा."

काकांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी स्वतः चहा आणून दिला. मग सरांशी कुजबुजले, दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्या हातात दिला. 'नमस्कार, मी सोजरबाई. त्या दिवशी आपल्याशी मीच बोलले होते.'

"धुऊन घे," काका म्हणाले. "छान आवाजात."

सोजरबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं. "म्हंजी मी खरी हाय, हे बी हीच सांगनार?"

सर खाली बघत होते. "प्रणिता, करून टाक," ते हळूच म्हणाले. "बाईंचं काम होईल."

मी कागद टेबलावर ठेवला. "न्हाई. मी न्हाई धुनार."

"'नाही'," काकांनी सवयीनं दुरुस्त केलं. "आणि 'धुणार'."

"न्हाई, काका."

मी सोजरबाईंचा हात धरून त्यांना आत नेलं, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि माईक त्यांच्या तोंडाशी ओढला. दोघं माझ्या मागोमाग आत आले. काकांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी चालू गाणं तोडलं आणि माईक उघडला. लाल दिवा लागल्यावर स्टुडिओत कुणी बोलायचं नसतं.

काकांनी तोंड मिटलं. सरांनी हळूच दार लावून घेतलं.

सोजरबाईंनी घसा खाकरला.