यंदाचा रंग

बोरीवलीला उतरले तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या आणि एक निरोप होता. पिशव्यांत कांदा-लसूण मसाला, तिळाची चटणी आणि धाकट्या भावासाठी बेसनाचे लाडू. निरोप आमच्या तालमीचा. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, पेठेचा फुटबॉल संघही तिचाच. तिथल्या वडीलधाऱ्यांनी निघताना बजावलं होतं, "विजयला विचार, पोरांना शिकवायला परत येतोस का. हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे, पण उत्तर घेऊनच ये." मला ते 'हो' हवं होतं. आई गेली तेव्हा विजू शाळेत होता. त्यानंतर त्याच्या डब्यापासून बुटांपर्यंत सगळं मीच पाहिलं, आणि गेली सोळा वर्षं तो मला दिवाळीचे चार दिवस मिळतो.

विजू मधल्या फळीत खेळतो. गोल मारणारे पुढे असतात, अडवणारे मागे. हा मधे पळत असतो. त्यामुळे पेपरात त्याचं नाव शोधायला चष्मा लागतो, आणि तो लावूनही बहुतेक वेळा सापडत नाही. गोवा, कोलकाता, शिलाँग, केरळ, पंजाब, सगळीकडे खेळला. कुठे वर्ष, कुठे दोन वर्षं. नवा संघ मिळाला की त्याचा फोन यायचा, आणि त्यात नमस्कार-चमत्कार काही नाही. "अक्का, यंदा तांबडा." एवढंच. मग मी महाद्वार रोडला जाऊन त्या रंगाची साडी घ्यायची. पंजाबची लिंबोणी, केरळची मोरपंखी, गोव्याची तांबडी. ही सवय आईची. आमच्या तालमीचा रंग अंजिरी, आणि विजूच्या पहिल्या सामन्याला ती अंजिरी साडी नेसून गेली होती. ती साडी माझ्या कपाटात सगळ्यांत खाली आहे.

गेल्या वर्षी तो मुंबईच्या संघात आला, तेव्हा मी हिरवी घेतली. यंदा रंगाचा फोन आला नाही. फोन नाही म्हणजे संघ तोच, असा मी सरळ हिशेब केला आणि हिरवीच साडी नेसून गाडीत बसले.

विजूची जागा नॅशनल पार्कच्या कडेला, जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते थोइबाने. हा मणिपूरचा गोलकीपर, विजूचा खोलीतला जोडीदार. बोटाला प्लास्टर होतं, म्हणून घरी होता. "विजूभाई टीम के साथ गया, दीदी," तो म्हणाला आणि पिशव्या घ्यायला पुढे झाला. मग माझ्याकडे बघून जरासा थबकला.

"दीदी, दूसरी साडी नहीं है?"

मला राग आला. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईला काय विचारावं याची काही रीत असते! मी म्हटलं, "है, पर यही पहनेगी." माझं हिंदी हे असं. तो बिचारा पिशव्या घेऊन आत गेला.

थोइबाने जेवायला इरोंबा (उकडलेल्या भाज्या, मिरची आणि मुरवलेली मासळी घोटून केलेलं कालवण) केला. मासळीचा डबा उघडण्याआधी त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या, कारण सोसायटीत वासावरून भांडणं होतात. तेवढ्यात समोरच्या काकूंनी दार वाजवलंच. "भाऊ, वास येतोय हां! सेक्रेटरी आला तर तुमची वाट लागेल," असं म्हणून त्या नाकाला पदर लावून आत आल्या, मला बघून गप्पांना बसल्या आणि जाताना दोन लाडू घेऊन गेल्या. इरोंबा झणझणीत होता. मी त्यावर आपला मसाला भुरभुरवला, तर थोइबा पुन्हा पुन्हा मागून जेवला. माझा राग तिथेच उतरला.

विजूने फोनवर सांगितलं होतं, "मॅच आहे, पण तू घरीच आराम कर, अक्का." पण मी आराम करायला मुंबईला आले नव्हते. थोइबाला घेऊन मेट्रोने निघाले. ही मेट्रो हमरस्त्याच्या वरून जाते आणि एका बाजूला बराच वेळ डोंगराची हिरवी कड दिसत राहते. मुंबईत एवढं रान असेल असं मला वाटलं नव्हतं. गुंदवलीला गाडी बदलली, पुढे आझादनगरला उतरलो. थोइबा वाटेत दोनदा काहीतरी सांगायला वळला, पण दोन्ही वेळा त्याने माझ्या साडीकडे पाहून फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

अंधेरीचं मैदान छान होतं, माणसं मात्र मोजकी. आमच्याकडे सामन्याला गॅलरी फुटायची वेळ येते. इथे खेळाडूंचे मित्र, घरचे आणि सावलीला बसलेले चारदोन म्हातारे. फाटकाशी एक गृहस्थ बुटांची पोती उतरवत होते. हे नार्वेकर, हिरव्या संघाचे कपडे-बूट सांभाळणारे. माझ्याकडे बघून ते हसले.

"कोणाच्यो तुम्ही?"

"विजयची बहीण. कोल्हापूरची."

त्यांच्या हातातलं पोतं तसंच राहिलं. "गे बाये! तू आमच्या रंगात, आणि तुझो भाव पलीकडे खेळता?" मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणून म्हणाले, "तुका सांगूक नाय त्याने? मे महिन्यात सोडल्यानी तेका. आता त्या निळ्यांकडे आसा. खालच्या गटातून वर इलेली टीम ती."

मी थोइबाकडे पाहिलं. तो आपल्या प्लास्टरकडे बघत होता.

मला साडीची लाज वाटली नाही. विजूने हे एकट्याने सोसलं, याचं वाईट वाटलं. सोळा वर्षांत तो रंग सांगायला कधी चुकला नव्हता. यंदा त्याला सांगावासा वाटला नाही.

सामना सुरू झाला. निळ्या कपड्यांत तो मला जरा बारीक वाटला. पण पळत होता, ओरडत होता, पोरांना जागा दाखवत होता. मी हिरवी साडी नेसून "हाण विज्या!" म्हणून ओरडले, तर शेजारचा एक मुलगा म्हणाला, "मावशी, नक्की कोणाकडून आहात?" म्हटलं, "माणसाकडून."

दुसऱ्या अर्ध्यात ते घडलं. चेंडू विजूच्या पायाशी आला. डावीकडून हिरव्या संघातला एक पोरगा पळत सुटला आणि ओरडला, "विजूभाई!" वर्षभर त्या जागेवरून त्या पोराला विजू न बघता चेंडू देत आला होता. आजही त्याने दिला. अगदी मापात, पोराच्या पुढ्यात. तो सरळ आत घुसला आणि गोल झाला. हिरवे नाचायला लागले. तो पोरगा मात्र नाचला नाही. विजूकडे बघत कानाला हात लावून माफी मागत होता.

विजूला बाहेर बोलावलं. मान खाली घालून तो रेषेपर्यंत आला, आणि तिथे त्याने वर पाहिलं. रिकाम्या बाकांवर हिरवी साडी काही लपत नव्हती. तो कमरेवर हात ठेवून बघतच राहिला. मला वाटलं, आता हा रडणार. पण तो हसला, आणि मग मलाच रडू आलं. त्या एका गोलाने त्याचा संघ हरला.

संध्याकाळी विजू मला मेट्रोने घाटकोपरला घेऊन गेला. थोइबा मुद्दाम घरी गेला. घाटकोपरच्या खाऊगल्लीत लोणी आणि भाज्या घालून केलेला डोसा मिळतो. तो उभ्याने खायचा असतो आणि खाताना बोटं भाजतात. विजूने माझा डोसा फुंकर मारून निववला. लहानपणी मी त्याची भाकरी निववायची.

"सांगितलं का न्हाईस रे?" मी विचारलं.

"दर वेळी तू साडी घेतेस. म्हटलं, आता अजून किती घ्यायला लावू?"

"मी चुकले ते तू फोन केला न्हाईस म्हणून. तू का चुकलास?"

त्याने बोटांवरचं लोणी पुसलं. मग म्हणाला, "पाय चुकला नाही, अक्का. पाय बरोबर गेला. पोरगा ओळखीचा होता." डोशाचा कागद चुरगाळत पुढे म्हणाला, "जिथं गेलो तिथं हेच केलं. माणसं ओळखीची करायची. कोण कुठं पळतो, कुणाला कसा पास लागतो. सगळं जमलं की बॅग भरायची. आधी विसरायला जमायचं. आता नाही जमत."

मी तालमीचा निरोप सांगितला. त्याने मान हलवली. "नावं ठेवतील. म्हणतील, सगळीकडून हाकलला, मग आला."

"ठेवू देत की. नावं ठेवणारेच पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहतील. मला काय कोल्हापूर नवीन हाय?"

तो हसला. "निळ्यांचे अजून सामने आहेत. मधेच सोडून येणार नाही," एवढंच म्हणाला. चेंबूरला कोल्हापूरच्या गाडीत बसवताना त्याने माझ्या पिशवीत खिडकीच्या वाऱ्यासाठी जाड चादर घातली आणि खाली वाकून माझ्या पाया पडला. गाडी निघाली तेव्हा तो तिथेच उभा होता. हा पोरगा नेहमी जाणारा, मी नेहमी उभी राहणारी. त्या दिवशी उलटं झालं होतं, आणि उभं राहणाऱ्याला काय वाटतं हे त्याला कळलं असावं.

कोल्हापुरात तालमीचे लोक दारात हजर. "हो म्हणाला का नाही?" मी म्हटलं, "दोन्ही न्हाई." ते म्हणाले, "मग गेलीस कशाला?" मी म्हटलं, "डोसा खायला." चिडून गेले.

त्यानंतर मी रोज फोनकडे बघत होते. निळी साडी घ्यावी का, असंही एकदा मनात आलं. दुकानात गेले, हात लावून परत आले.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी मी चटणी कुटत असताना फोन वाजला. पलीकडून नेहमीसारखंच, नमस्कार नाही की चमत्कार नाही.

"अक्का, यंदा अंजिरी."

हात मसाल्याचे, डोळे पुसायची सोय नाही.

"घेऊ नको म्हटलं साडी," तो म्हणाला. "ती आहे घरात."

"हाय रे," मी म्हटलं. "ये तू."